बारा पावलांवरचं पाणी

सुट्टीच्या दिवशी आपण होऊन डोंगर चढायला जाणारा माणूस मला अजूनही थोडा संशयास्पद वाटतो. हल्ली आमच्या कंपनीतली नवी पोरं पाठीला पिशव्या लावून गडांवर जातात आणि दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला येऊन त्याचं कौतुक सांगतात. मी ऐकून घेतो. मी स्वतः दहा वर्षं, दर फाल्गुनात, बायकोपोरांसकट एकच डोंगर चढलो आहे आणि त्यातल्या एकाही वर्षी आपखुशीने चढलेलो नाही. आमच्या चार्जमनच्या हुकुमाने चढलो आहे.

चार्जमन म्हणजे आमच्या प्रेस शॉपच्या शिफ्टचा मुख्य. पत्र्याच्या शीटवर वरून दणका घालून तिला आकार देणारी मशीन म्हणजे प्रेस. अशा अठरा प्रेस एका छपराखाली, आणि त्या अठरा जणींचा दिवसरात्र एकच धोशा. पहिल्या आठवड्यात माणसाला वाटतं, डोकं फुटणार. दुसऱ्या आठवड्यात काही वाटत नाही. तिसऱ्या आठवड्यात घरचे म्हणायला लागतात, ओरडता कशाला, आम्ही काय बहिरे आहोत? आमच्या चिंचवडच्या चाळीत प्रेस शॉपवाल्यांच्या गप्पा आणि भांडणं यांतला फरक बाहेरच्याला कळत नसे.

शॉपमध्ये तोंडाने बोलणं फुकट होतं. आम्ही हातांनी बोलायचो, ओठ वाचायचो. मूठ दोनदा उघडली की चहा, मनगटावर बोट म्हणजे साहेब येतोय, गळ्यावरून हात फिरवला की मशीन बंद. या सगळ्या मुक्या गोंधळात एकच माणूस ऐकायचा, आणि ते म्हणजे चार्जमन.

त्यांच्याकडे हातभर लांबीची शिसवी काठी होती. शिफ्ट सुरू झाली की ते प्रत्येक प्रेसपाशी जात, काठीचं एक टोक मशीनच्या अंगाला लावत, दुसरं स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून उभे राहत. मग बोटांनी सांगत. हिचा बोल्ट ढिला आहे. हिची डाय, म्हणजे आकार देणारा साचा, बोथटली. हिचा ब्रेक उतरायला लागलाय, थांबवा. ब्रेक उतरला की प्रेस डबल मारते, म्हणजे एकदा पायाखालची पट्टी दाबली तर एकाऐवजी दोनदा खाली येते. पहिल्या दणक्यानंतर माणूस तयार तुकडा काढायला हात आत घालतो, आणि दुसरा दणका त्याच्या हातावर बसतो. बाकीच्या शिफ्टमध्ये साडेतीन बोटांनी नमस्कार करणारी माणसं होती. आमच्या शिफ्टमध्ये सगळ्यांची दहाच्या दहा शाबूत होती, आणि ती चार्जमनच्या कानामुळे होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते ठेवत नसत. ज्याच्या हाताखाली जी प्रेस, तो तिचा नंबर. मी सात नंबर. माझी बायको ‘सात नंबरच्या बाई’. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा बारशाला येऊन त्यांनी तिचं नाव साडेसात ठेवलं, आणि धाकट्याचं पावणेआठ. मुलांनाही इतकी सवय झाली की बालवाडीच्या बाईंनी नाव विचारल्यावर थोरलीने साडेसात सांगितलं, आणि बाईंना वाटलं, हिला घड्याळ कळतं.

काठी ते घरीही आणत. पंप मारताना काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, स्टोव्हला लावत. माझ्या बायकोच्या शिवणयंत्राला लावून म्हणाले, “सात नंबरच्या बाई, हिला तेल द्या, ही शिव्या घालतेय तुम्हाला.” एकदा एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून त्यांनी ती गिअरच्या दांड्याजवळ पत्र्यावर टेकवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घालू नकोस. ड्रायव्हर म्हणाला, काका, तुमचं तिकीट कुठपर्यंतचं हाय, तेवढं बघा. भोसरीच्या पुढे गाडी तिसऱ्या गिअरमध्येच बसली. आम्ही सगळे उन्हात उतरलो, आणि ड्रायव्हर येऊन या माणसाकडे असा बघत राहिला, जणू गाडी यांनीच बिघडवली.

थोरली दोन वर्षांची असताना तिला खोकला झाला होता. सर्दीपडसं म्हणून आम्ही ओव्याची पुरचुंडी शेकत बसलो होतो. चार्जमन आले, काठी फडक्याने पुसली, तिच्या पाठीला अलगद लावून ऐकलं आणि उभे राहिले. “डावीकडे घरघर आहे. आत्ता डॉक्टरकडे ने.” डॉक्टरांनी नळी लावून तेच सांगितलं, आणि म्हणाले, दोन दिवस उशीर केला असता तर कठीण होतं. त्या दिवसापासून त्यांनी मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी मारली असती. त्यांनी डोंगर चढ म्हटलं.

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. विजेच्या वाटपासाठी सरकारने तशी लावून दिली होती. पोरांच्या शाळेला रविवार, बापांना गुरुवार, त्यामुळे वर्षाचे बावन्न आठवडे घरातली माणसं एका वेळी घरात नसत. होळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी मात्र चार्जमन स्वतः मुलांच्या हेडमास्तरांना चिठ्ठी लिहीत: ‘वार्षिक तपासणीसाठी पाल्याची उपस्थिती आवश्यक आहे.’ कुठली तपासणी, कसली, काही नाही. खाली झोकदार सही. कंपनीच्या लेटरहेडसारखा मायना असल्याने हेडमास्तर बिचारे रजा देऊन टाकत.

मी बऱ्याचदा बुधवारची थर्ड शिफ्ट करून तसाच निघायचो. डोळ्यांत वाळू, तोंडाला तंबाखूची चव. बायकोने होळीच्या उरलेल्या पुरणपोळ्या बांधलेल्या, धाकटा कडेवर, थोरली झोपेतून उठवल्यामुळे फुगलेली. नाशिक फाट्यावर काकू आणि चार्जमन आधीच येऊन उभे असत. काकू म्हणजे ठेंगण्या, शांत, कधी कुणाकडे काही न मागणाऱ्या बाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. चार्जमन पाणी भरलेली भलीमोठी छागळ खांद्याला अडकवून म्हणत, “सात नंबर, पाच मिनिटं लेट.”

चाकणला उतरून तास-दीड तास चालायचं. कांद्याच्या वाफ्यांतून, हरभऱ्याच्या मोकळ्या झालेल्या रानातून. बांधावर पळस फुललेला असे. माझी बायको दर वर्षी म्हणायची, किती छान दिसतोय, आणि मी दर वर्षी त्याच्या सावलीत बसता येईल का ते बघायचो. पळसाला फाल्गुनात पानं नसतात, त्यामुळे तीही सोय नाही. मग चढण. डोंगर काही फार मोठा नाही. पण आठवडाभर पायाने प्रेसची पट्टी दाबलेल्या माणसाचा उजवा पाय एक बोलतो आणि डावा दुसरंच. अर्ध्या वाटेवर मी थोरलीला म्हणायचो, बाबांना ओढ गं, आणि ती खरंच ओढायची.

पहिल्या वर्षी आमच्याबरोबर अकरा नंबर, म्हणजे मोशीचा ज्ञानोबा, तोही आला होता. वर पोचल्यावर घाम पुसत म्हणाला, “आमी ह्या डोंगरात शेरडं राखली. तवा पन गुरुवारी नव्हतो येत.” पुढच्या वर्षीपासून तो आला नाही. चार्जमननी त्याला जबरदस्ती केली नाही. मला केली, कारण माझं तिथे काम होतं.

ते काम असं. माथ्याच्या जरा खाली कातळात कोरलेली एक गुंफा आहे आणि तिच्या आत पाण्याचं टाकं. छताच्या एका फटीतून त्या टाक्यात थेंब थेंब पाणी पडतं. गुंफेच्या तोंडाशी, टाक्यापासून बरोबर बारा पावलांवर, एक सपाट दगड आहे. पहिल्या वर्षी चार्जमन त्या दगडावर टाक्याकडे पाठ करून उभे राहिले. काकूंना त्यांनी हातातलं घड्याळ काढून दिलं आणि आपल्यासमोर उभं केलं. मला टाक्यापाशी पाठवलं.

“मी डोळे मिटले की ही घड्याळ लावेल. एक मिनिट. तू डोळ्यांनी थेंब मोज, मी कानांनी मोजतो. मिनिट झालं की ही माझ्या खांद्यावर हात ठेवेल. आधी माझा आकडा मी सांगणार, मग तू तुझा सांग.”

“कशासाठी?” मी विचारलं. रात्रभर काम करून डोंगर चढलेल्या माणसाला तेवढा हक्क होता.

“आपल्याकडचे मापाचे गेज वर्षातून एकदा तपासायला जातात की नाही? झिजलेल्या गेजने माल पास केला तर काय होतं? मग माझा कान कुठे पाठवू? शॉपमध्ये तपासायचा तर तिथे सगळेच बहिरे. कंपनीचा डॉक्टर समोर बसून विचारतो, ऐकू येतं का. त्याचे ओठ कुणीही वाचेल.” मग बोट वर करून म्हणाले, “दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे चालेल. त्याच्यावर फरक पडला, की खाली उतरून पहिलं काम, साहेबाला सांगायचं, मला शॉपमधून काढा. अठरा प्रेस आहेत. छत्तीस हात आहेत. माझ्या हौसेसाठी ठेवायचे नाहीत.”

पोरांना गप्प बसवलं. काकूंनी घड्याळाकडे बघितलं. त्या मिनिटभर माझा धाकटा आईच्या पदराआड शिंक दाबून बसला होता, ते मला दिसत होतं. काकूंचा हात खांद्यावर पडला.

“चौतीस,” चार्जमन म्हणाले.

“चौतीस,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले, हसले आणि म्हणाले, “पोळ्या सोडा.” मग त्या माणसाने गुळवण्यात बुडवून सहा पुरणपोळ्या खाल्ल्या, मुलांना पाठुंगळी घेऊन माथ्यावर नेलं, आणि चहूकडे हात फिरवून दाखवलं. ती बघा इंद्रायणी. ती बघा धुराडी, तिथे तुमचा बाप काम करतो. मुलांना धुराडी कळली नाहीत. मी सावली शोधून झोपलो.

अशी सात वर्षं गेली. कधी चौतीस, कधी तीस, पाऊस कमी झाला त्या वर्षी सव्वीस. कधी एकाचा फरक. जेवण, झोप, उतरण, एसटी. घरी आल्यावर बायको पाय चेपत म्हणायची, “पुढच्या वर्षी सांगा त्यांना, जमणार नाही म्हणून.” मी हो म्हणायचो.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. त्यांनी स्वतःवर कधी विश्वास ठेवला नाही. माझा आकडा आधी ऐकला तर आपला कान आपल्याला फसवेल, म्हणून ते आपला आधी सांगत. पण टाक्यापाशी उभा असलेला माणूस फसवेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. ती शक्यता त्यांनी तपासणीतच धरली नव्हती.

आठव्या वर्षी मी लागोपाठ सहा थर्ड शिफ्ट करून आलो होतो. टाक्यापाशी उभं राहतानाही भिंतीला हात लावावा लागला. एकोणतीस थेंब मोजले. काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर गेला.

“बावीस,” चार्जमन म्हणाले.

मी तोंड उघडलं. चार्जमनचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि त्यांच्या पलीकडे मला काकू दिसल्या. त्यांनी काही खूण केली नाही, हात जोडले नाहीत. नुसते डोळे मिटले आणि नको म्हणून मान एवढीशी हलवली. त्यांना माहीत होतं. हाक मारली तर हा माणूस वळत नाही, हे घरात राहणाऱ्या बाईला कंपनीच्या डॉक्टरच्या आधी कळतं.

“तेवीस,” मी मोठ्याने म्हणालो.

बरोबर तोच आकडा सांगितला असता तर संशय आला असता, म्हणून एक वाढवून सांगितला. इतकी अक्कल मात्र झोपेतही जागी होती.

उतरताना काकू माझ्याजवळ आल्या. चार्जमन पुढे पावणेआठचा हात धरून चालले होते. त्या हळू बोलल्या, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की हळू बोलण्याची गरज नाही.

“त्यांना तिथून काढलं तर ते घरात बसून भिंतींना काठी लावत बसतील हो. आम्हाला ना मूल ना बाळ. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत. तेवढी निघाली की झालं.”

“काकू, पण त्यांनीच सांगितलंय, फरक पडला तर...”

“माहितीये मला. मी कधी काही मागितलंय तुमच्याकडे?”

मी हो म्हणालो. आता इतक्या वर्षांनी मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊ शकतो. त्यांनी माझी मुलगी वाचवली होती. काकूंचा शब्द मोडवत नव्हता. खरी आहेत ती कारणं. पण त्यांच्या आधीचं खरं कारण असं की मी दमलो होतो. खरं सांगितलं असतं तर तिथेच सगळं बसलं असतं, जेवण राहिलं असतं, ती दोघं रडली असती, आणि मला ते सगळं घेऊन डोंगर उतरावा लागला असता. खरं बोलायलाही अंगात थोडा जोर लागतो. त्या गुरुवारी तो माझ्यात नव्हता.

पुढच्या वर्षी एकतीस थेंब पडले. ते एकोणीस म्हणाले. मीही एकोणीस म्हणालो. तेव्हा एकाचाही फरक करायचे कष्ट घेतले नाहीत. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, पोळ्या सोडायला खाली बसल्या.

ते साल बहात्तर. पाऊस आलाच नाही. जून गेला, जुलै गेला, मोशीकडची रानं काळी ती काळीच राहिली. ज्ञानोबा फर्स्ट शिफ्ट करून दुपारी रानात जाऊन आभाळाकडे बघून येत असे. म्हणायचा, “औंदा कंपनीच पिकली म्हनायची.”

श्रावणातल्या एका सकाळी चार्जमन नेहमीप्रमाणे काठी घेऊन फिरत होते. अकरा नंबरपाशी थांबले. काठी लावली, डोळे मिटले. माझी प्रेस चार मशीन अलीकडे, पण एक डाय मागायला मी तेवढ्यात तिकडे गेलो होतो. दणका बसला की शेवटी एक बारीक खर्र असा आवाज येतोय, असं मला वाटलं. वाटलं म्हणतो, कारण माझी खात्री नव्हती, आणि त्यांच्या कानापुढे माझा कान काय चाटायचा? चार्जमननी डोळे उघडले आणि ज्ञानोबाला अंगठा दाखवला. पास.

ज्ञानोबाने हसून अंगठा दाखवला आणि काम सुरू केलं. चहाच्या सुट्टीच्या आधी अकरा नंबरने डबल मारली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. आरडाओरडा कुणाला ऐकू आला नाही. मी वळलो तेव्हा सगळीकडे माणसं गळ्यावरून हात फिरवत होती, बंद करा, बंद करा, आणि मशीनी एकेक करून थांबत होत्या. मग खूप वेळाने शॉपमध्ये शांतता झाली. मी ती पहिल्यांदाच ऐकली. चार्जमन ज्ञानोबाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि त्याच्या ओठांकडे बघत होते.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. आत जाऊन आलो तेव्हा ज्ञानोबा शुद्धीवर होता. चार्जमनच्या डोळ्यांना धार लागली होती. ज्ञानोबा त्यांना कळावं म्हणून ओठ मोठे करून सावकाश बोलला, “चार्जमन, तुमी कशाला रडताय? दोन गेली, आठ हायती की.”

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि मला खिडकीपाशी उजेडात नेलं, म्हणजे माझं तोंड नीट दिसेल.

“यंदा फाल्गुनात खरे किती होते?”

खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. “एकतीस.”

“आणि गेल्या वर्षी?”

“एकोणतीस.”

ते मनात वजाबाकी करत होते, ते मला दिसत होतं. सात. बारा. मला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. त्यांनी दंड सोडला.

“पद्धतच चुकली माझी,” ते म्हणाले. “दोघांनी कागदावर लिहून कागद बदलायला हवे होते.”

काकूंचं नाव मी घेतलं नाही. काकूंनीही स्वतःहून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ते एक ओझं आम्ही दोघांनी वाटून घेतलं, आणि त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. ज्ञानोबाला तर मी आजही सांगितलेलं नाही. तो आता गेटवर असतो. रोज सकाळी मला तीन बोटांनी सलाम ठोकतो आणि विचारतो, “काय राव, बरं हाय ना?” मी बरं आहे म्हणतो.

दुसऱ्या दिवशी चार्जमन साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन आले आणि टूल स्टोअरमध्ये बसायला लागले. जाळीच्या खिडकीमागे, पाने-स्क्रू ड्रायव्हर देत घेत. काठी त्यांनी शॉपमध्येच ठेवली. ती उचलून वापरायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण ती वापरायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्याशी ते बोलत. पाना मागितला तर पाना देत. कधी कठोर शब्द बोलले नाहीत, आणि नुसता शब्दही जास्त बोलले नाहीत.

होळी आली. यंदा डोंगर नाही, असं मी धरून चाललो होतो. बुधवारी संध्याकाळी ते काकूंना घेऊन आमच्या दारात आले, मुलांच्या शाळेची चिठ्ठी हातात घेऊन. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काकूंना एकट्यात विचारलं, आता कशाला? त्या म्हणाल्या, “मीही विचारलं. म्हणतात, उद्या गुरुवार आहे.”

गेलो. दुष्काळाने चाकणच्या पुढची रानं ओळखू येत नव्हती. कांदा नव्हता, हरभरा नव्हता. रस्त्यावर खडी फोडणारी माणसं बसली होती, आणि त्यांच्या समोरून आम्ही डबे घेऊन सहलीला निघालो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळस मात्र फुलला होता. यंदा बायकोने तो छान आहे असं म्हटलं नाही. पोरं मोठी झाली होती, ओढायला कुणी नको होतं, आणि सगळे आपापल्या पायांनी वर चढलो.

चार्जमन दगडावर चढले. पाठ केली. काकूंनी सवयीने घड्याळासाठी हात पुढे केला आणि त्यांनी ते काढून दिलं. मी टाक्यापाशी गेलो. टाक्याच्या तळाला वाळलेलं शेवाळ होतं आणि छताची फट पांढरी पडली होती. मी मिनिटभर त्या फटीकडे बघत उभा राहिलो. एकही थेंब पडला नाही.

काकूंचा हात खांद्यावर पडला. या वेळी त्यांनी आकडा सांगितला नाही. वळले, माझ्या ओठांवर नजर लावली आणि विचारलं, “किती?”

“पडतच नाही,” मी म्हणालो. त्यांना कळावं म्हणून सावकाश म्हणालो. “झरा आटलाय. टाकं कोरडं आहे.”

ते दगडावरून खाली उतरले आणि बारा पावलं चालत टाक्यापाशी आले. नऊ वर्षांत ते तिथे कधी आले नव्हते. मी बाजूला झालो. त्यांनी हात लांब करून छताच्या फटीखाली पालथी मूठ उघडली आणि तळहात वर करून धरला. मुलं बघत होती. काकूंच्या हातात डब्याची कडी अर्धी उघडली होती, ती तशीच राहिली. मी एक मिनिट मोजलं, कदाचित दोन असतील. त्यांनी हात खाली घेतला नाही. माझ्या शब्दाची खात्री करायला त्यांना इतका वेळ लागत होता.

शेवटी त्यांनी हात खाली घेतला, उलटसुलट करून बघितला आणि कोरडाच पँटला पुसला.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले, आणि जेवायला बसले.